महिरपी कंस

मधले काही दिवस आईच्या लॅपटॉपची डागडुजी करण्यात गेले.

लॅपटॉप जुना, मेमरी जेमतेम २ जीबी. म्हणून त्यावर लिनक्स आणि फ्लक्सबॉक्स टाकलं. २००१ मध्ये ब्लॅकबॉक्समधून फुटून निघालेला हा हलकाफुलका विंडो मॅनेजर. रिकाम्या पडद्यावर उजवी टिचकी मारली की मेनू उघडतो, आणि तो मेनू म्हणजे एक साधी मजकुराची फाईल. हवं ते लिहा. आईला आयकॉन काही केल्या ओळखू येत नाहीत, तेव्हा म्हटलं, मेनूच मराठीत करू.

प्रत्येक ओळीत तीन कंस. चौकोनी कंसात 'एक्झेक', म्हणजे 'हे चालव'. गोल कंसात मेनूत दिसणारं नाव. महिरपी कंसात खरी आज्ञा. (शाळेतल्या बीजगणितानंतर महिरपी कंस भेटला तो थेट इथे! :-)) नावं देवनागरीत झकास दिसतात. 'पेपर वाचणे', 'पत्ते', 'नातवंडांचे फोटो'. आणि आईनं मुद्दाम सांगितलेली एक ओळ, 'ह्यांचा आवाज'. बाबांनी त्यांच्या शेवटच्या दिवाळीत म्हटलेली भूपाळी माझ्या फोनवर रेकॉर्ड झाली होती. ती एमपीव्हीनं वाजवायची.

सगळं चाललं. निघता निघता मला टापटिपीची हुक्की आली. ती फाईल 'बाबांचे रेकॉर्डिंग' अशा फोल्डरमध्ये हलवली, मेनूत पत्ता बदलला आणि न तपासता घरी परतलो.

पुढचे आठ दिवस आई फोनवर नेहमीसारखं बोलत होती. नवव्या दिवशी हळूच म्हणाली, "अरे, माझ्या हातून ह्यांचं ते पुसलं गेलं रे. काय दाबलं कोण जाणे." आठ दिवस ती रोज टिचकी मारत होती आणि काहीच होत नव्हतं.

पुसलं काहीच नव्हतं. महिरपी कंसातला मजकूर शेलकडे जातो, आणि शेल मोकळी जागा दिसली की तिथे तोडतो. एमपीव्ही बिचारा 'बाबांचे' नावाची एक फाईल शोधत होता आणि 'रेकॉर्डिंग'पासून सुरू होणारी दुसरी. टर्मिनलमध्ये त्याची तक्रार दिसली असती. मेनूतून चालवल्यावर ती कुठे दिसणार?

शनिवारी गेलो. पत्त्याला दुहेरी अवतरणचिन्हं घातली. तरी वाजेना! आई शेजारी बसलेली, मला घाम. मग लक्षात आलं, पत्त्याच्या सुरुवातीला मी आळसानं 'टिल्ड' ठेवला होता. अवतरणात गेला की शेल त्याचा अर्थ 'माझं घर' असा लावत नाही, नुसतं एक चिन्ह समजतो. 'होम'पासूनचा अख्खा पत्ता लिहिला.

टिचकी आईलाच मारायला लावली.

दोनदा ऐकलं तिनं. मग डोळे पुसून म्हणाली, "जरा बारीक येतोय रे आवाज."

आज्ञेत आवाज १३० टक्क्यांवर नेणारा पर्याय जोडून दिला.