रमजानच्या आधी काशा वेचून घ्याव्या लागतात



हरभऱ्याचे घाटे भरलेत, खालची पानं पिवळी पडायला लागलीत. कोरडवाहू ज्वारीचा हुरडा संपला, दाणा टणक झालाय. दोन आठवड्यांत काढणीला हात घालावा लागणार, आणि नेमका त्याच वेळी रमजानचा चांद दिसणार. म्हणजे यंदा काढणी आणि रोजे एकदमच. बरेच जण विचारतात, "भाऊ, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता शेतातली कामं कशी जमतात?" माझं उत्तर एकच. रोज्याची तयारी रमजानात होत नाही, ती आधीच्या महिन्यात करावी लागते. त्या महिन्याला शाबान म्हणतात, सध्या तोच चालू आहे. म्हणून आज पिकाबद्दल थोडं आणि या तयारीबद्दल जास्त लिहितो.

आधी हिशेब सांगतो. आमचे महिने चांदावर चालतात, वर्ष 354-355 दिवसांचं. मराठी पंचांगात अधिक महिना धरून सण हंगामाला धरून ठेवतात, आमच्यात तसं नाही. त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी फिरून त्याच हंगामात येतो. शेतकऱ्याला तो सगळ्या हंगामांत भेटतो. 2015, 2016, 2017 ला तो जूनमध्ये होता, पेरणीच्या तोंडावर. 2018 आणि 2019 ला मे महिन्याच्या उन्हात. यंदा 2026 ला हरभऱ्याच्या काढणीत. याआधी असा फेब्रुवारीच्या शेवटाला तो 1993 मध्ये लागला होता. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. त्या वर्षाचं पुढं सांगतो.

तयारीतला सोपा भाग शरीराचा. शेतात चार-पाच वेळा चहा होतो. तो शाबानात दोनवर आणायचा, नाहीतर पहिले तीन रोजे डोकेदुखीतच जातात. तंबाखूवाल्यांनीही आतापासूनच कमी करत यावं. पैगंबर साहेब शाबानमध्ये पुष्कळ रोजे ठेवायचे, म्हणून आमच्याकडंही काही जण अधूनमधून रोजा धरतात. बायकांचे मागच्या रमजानात आजारपणानं किंवा इतर कारणानं राहिलेले रोजेही याच महिन्यात पुरे करून घेतात. पोटाला सवय लागायला आठ दिवस पुरतात.

दुसरा भाग देण्याघेण्याचा. वही काढायची. सोयाबीन काढणीच्या गुत्त्याचे कुणाचे राहिलेत का, कृषी दुकानाची उधारी किती, हातउसने कुणाचे आहेत. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, अशी शिकवण आहे. रोजगारी बाईचे तीनशे रुपये अडकवून ठेवायचे आणि मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहायचं, याला काही अर्थ नाही. जकातीचाही अंदाज काढावा लागतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली असेल तर तिचा अडीच टक्के भाग गरिबाचा.

शेतमालाचा हिशेब वेगळा. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, विहीर-मोटरीनं पाणी देऊन आणलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे माझ्या कोरडवाहू ज्वारीची 10 पोती झाली तर 1 पोतं, आणि पाण्यावरच्या हरभऱ्याचे 20 कट्टे झाले तर 1 कट्टा. ज्यात खर्च आणि कष्ट जास्त, त्यात देणं निम्मं. हा नियम मला लई आवडतो. ज्यानं घालून दिला त्याला शेती कळत होती. आणि हे वर्षाच्या शेवटी नाही, माल घरात येतानाच काढायचं असतं. यंदा काढणी रमजानातच असल्यानं कोणत्या घरी काय पोचवायचं, ते आताच ठरवून ठेवलंय.

तिसरा भाग स्वभावाचा, आणि तोच सगळ्यात अवघड.

रोजेदार माणूस सकाळी शांत असतो. दुपारी चारनंतर त्याची खरी परीक्षा असते. घसा कोरडा, डोकं तापलेलं, आणि तेवढ्यात लाईट जाते नाहीतर कुणाचं जनावर पिकात शिरतं. त्या वेळी तोंडातून जे निघतं ते उपाशीपोटी तयार झालेलं नसतं, आधीच आत पडलेलं असतं. भूक फक्त ते वर आणते. कुणी भांडायला आलं तर 'माझा रोजा आहे' एवढंच म्हणून गप्प बसावं, असं सांगितलंय. खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडलं नाही तर नुसतं अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असंही सांगितलंय. पण ऐन वेळी गप्प बसायचं ठरवून जमत नाही. आतलं आधी काढावं लागतं.

ज्याच्या रानात हरळी आहे त्याला हे लगेच कळेल. हरळी वरून खुरपली की चार दिवस रान स्वच्छ दिसतं. पाऊस पडला की पिकाच्या आधी तीच वर येते. ती घालवायची तर उन्हाळ्यात नांगरून, ढेकळं फोडून, एकेक काशी वेचून बांधावर टाकावी लागते. पाऊस पडल्यावर काशा वेचता येत नाहीत. रमजान आमच्यासाठी पावसासारखा आहे. तो चांगलं उगवतो, पण जमिनीत राहिलेलंही उगवतो. म्हणून काशा शाबानात वेचायच्या.

माझ्या रानातली यंदाची काशी कोणती, तेही सांगतो. आमच्या आजोबांनी खोदलेली सामाईक विहीर आहे. सातबाऱ्यावर दोन्ही घरांचा निम्मा-निम्मा हिस्सा. चार दिवस आमची पाळी, चार दिवस चुलत भावाची. 2023 ला पाऊस कमी झाला, विहीर दीड तासात उपसायची. त्या वर्षी हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळेला आमच्या पाळीत त्यांची मोटर चालू राहिली. एक दिवस नाही, सलग. माझा दीड एकर हरभरा वाळला. गावातल्या चार जाणत्यांची बैठक बसली, पाळी माझीच होती असं सगळ्यांनी सांगितलं. पण वाळलेलं पीक बैठकीनं हिरवं होत नाही. तेव्हापासून बोलणं बंद. नमाजला कधी कधी एकाच रांगेत यायचो, पण बाहेर पडताना एकमेकांची चप्पल बघून वाट बदलायचो.

शाबानच्या पंधराव्या रात्री, शब-ए-बरातला, आम्ही कब्रस्तानात जातो. कबरींवरचं गवत काढतो, दुआ करतो. मौलाना दरवर्षी सांगतात, या रात्री माफीचं दार उघडं असतं, पण मनात वैर धरून बसलेल्याचा कागद बाजूला ठेवला जातो. मला दरवर्षी एकच प्रश्न पडायचा. हक्क माझा, नुकसान माझं, मग पाऊल आधी मी का टाकायचं? घरात हे बोललो तर बायको म्हणाली, "रोजा तुमचा हाय का त्यांचा?"

आता 1993 चं सांगतो. तो रमजान झाला, ईद झाली, आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गेली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. आम्ही पोरं ढिगारे उपसायला गेलो होतो. तिथं एक म्हातारे गृहस्थ दगडावर बसले होते. भावाचं घर समोर पडलं होतं. रडत नव्हते. येईल त्याला सांगत होते, "बांधावरून चार वर्षं बोललो न्हाई आमी." कुणाचा बांध सरकला होता, कोण बरोबर होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

रमजान 33 वर्षांनी फिरून त्याच हंगामात येतो. माणूस येईलच असं नाही. पुढच्या वेळी हरभऱ्याच्या काढणीत रोजे येतील तेव्हा मी सत्त्याऐंशीचा असेन, असलो तर.

शब-ए-बरातनंतरच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मी चुलत भावाच्या घरी गेलो. वहिनीनं चहा ठेवला. मी म्हणालो, "भाईजान, पाण्याचा हिशेब करायला आलो नाही. माझ्या मनात जे होतं ते मी काढून टाकलंय, तेवढं सांगायला आलोय." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हरभरा कसाय औंदा?" मी म्हणालो, "बरा हाय." झालं एवढंच. चुकलं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणायला लावलं नाही. चार दिवसांनी त्यांचा पोरगा वही घेऊन आला. पाण्याच्या पाळ्या तारखेप्रमाणं लिहिल्या, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण माफ करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. वैर मनातून काढायचं, पाळी वहीत लिहायची. दोन्ही कामं लागतात.

हे कायमचं मिटलं असं मी म्हणत नाही. बांधाजवळची हरळी एका वर्षात जात नाही, पलीकडून परत येते. आपण आपल्या बाजूच्या काशा दरवर्षी वेचायच्या. तेवढंच आपल्या हातात असतं.

आता कामाचं. हरभरा काढायचा तर पहाटेच, दव असताना. ऊन चढलं की घाटे गळतात. रोजे असोत-नसोत, हे सगळ्यांनाच लागू. आम्ही यंदा सहरी करून, फजरची नमाज पढून थेट रानात जाणार आणि अकराच्या आत घरी येणार. सोबतच्या रोजगारी बायकांचं चहापाणी नेहमीसारखंच राहील. आपला रोजा आहे म्हणून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नसतं. लाईटची पाळी रात्रीची आली तर तरावीहची नमाज आणि मोटर दोन्ही सांभाळायची कसरत आहे, त्यासाठी थोरल्या पोराशी वार वाटून घेतलेत.

तुमच्याकडं हरभऱ्याला उतारा काय पडतोय, घाटेअळीनं किती नुकसान केलं, ते जरूर लिहा. चांद दिसला की कळवतोच.