मळवलीचीं नांवें आणि पडद्यामागचा कारागीर

हातांतील फोनवर ‘विसापूर’ हा शब्द आपण सहज वाचतों. परंतु तो तेथें नीट उमटावा यासाठीं दोन भिन्न स्वभावांच्या प्रोग्रॅमांना एकत्र राबावें लागतें, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. वाचकहो, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थी लोकलनें मळवलीस उतरलों व भाज्याचीं लेणीं पाहून परतलों. स्टेशनाबाहेर एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं फोनवरील परिसराचा नकाशा दाखविला. त्यांत विसापूरची वेलांटी ‘व’च्या मागें पडली होती, आणि कार्ल्याचा रफार खालीं उतरून पाय मोडका ‘र्’ ओळींत उभा होता. चष्मा पुसून ते म्हणाले, “पोरांनो, आमच्या गडाचं नाव असं कुणी मोडलं?” त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां पुढील गोष्ट कळली.

अँड्रॉइडवरील बहुतेक ॲप्स जावा किंवा कॉटलिन भाषेंत लिहितात. तीं एका व्यवस्थापकाच्या देखरेखीखालीं चालतात. वापरून झालेली मेमरी तोच आवरितो. सी व सी-प्लस-प्लस या भाषांतील लायब्रऱ्या मात्र थेट प्रोसेसरच्या बोलींत उतरविलेल्या असतात. त्या चपळ खऱ्या, पण त्यांच्यामागें आवराआवर करणारें कोणी नसतें. अक्षरें जुळविणारी ‘हार्फबझ’ ही लायब्ररी याच जातीची. फोनच्या मेमरींत ‘वि’ लिहितांना आधीं व, मग वेलांटी. ‘कार्ला’ लिहितांना आधीं र्, मग ला. वेलांटी पुढें आणणें व रफार डोक्यावर चढविणें हें काम हार्फबझ करते. तिला न विचारतां ज्या प्रोग्रॅमानें अक्षरें एकामागून एक मांडलीं, त्यानेंच गडाचें नांव मोडलें होतें.

या दोहोंमधील सेतूस जावा नेटिव्ह इंटरफेस, म्हणजेच जेएनआय, असें नांव आहे. तो १९९७ सालीं जावांत आला. आणि अँड्रॉइडसाठीं अशा लायब्रऱ्या घडविण्याचें साहित्य, एनडीके, २००९ सालीं निघालें. भाज्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनीं भागीं एके काळीं लाकडी काम होतें. तें बसविण्याच्या खोबणी कातळांत अद्याप दिसतात. लाकूड व कातळ यांचा सांधा जसा मापाचा, तसाच हा सेतु. फंक्शनचें नांव व त्यास द्यावयाच्या वस्तूंचे प्रकार दोन्ही तीरांवर जुळले पाहिजेत. पलीकडे मागून घेतलेली मेमरी आपणच परत केली पाहिजे. आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठीं लायब्ररी वेगळी घडविली पाहिजे. अलीकडील चूक बहुधा सांवरतां येते. पलीकडील चुकीनें सबंध ॲपच कोसळतें.

म्हणून केवळ वेगाच्या हौसेनें हा सेतु ओलांडूं नये. ओलांडण्यासही वेळ खर्ची पडतोच. परंतु जें काम कोणीं आधींच निगुतीनें केलें आहे, तें पुन्हां अर्धेंमुर्धें करण्यापेक्षां त्या कारागिरास हांक मारणें शहाणपणाचें. हार्फबझ सर्वांस खुली आहे. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी. विद्यार्थिमित्रांनो, ॲप रचण्याबरोबर पलीकडची भाषाही शिका. आपल्या गांवांचीं नांवें शुद्ध उमटावीं असें वाटत असेल, तर तीं उमटविणाऱ्या हातांची ओळख आपणांस असलीच पाहिजे.