काकांचं कपाट

मूलद्रव्यांची कुळं मी पुस्तकाआधी एका कपाटातून शिकले. दिग्रसच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. शाळेत लागण्याआधी त्यांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. शिक्षण दहावीपर्यंतचं. पण त्यांनी रसायनं जशी लावली होती, तशी मी पुढे कॉलेजातही पाहिली नाहीत.

बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नव्हत्या, गणांप्रमाणे होत्या. वरच्या फळीवर रॉकेलात बुडवलेले सोडियम आणि पोटॅशियम, शेजारी त्यांचे क्षार. मधल्या फळीवर कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांचे क्षार. खाली क्लोराईड, ब्रोमाईड, आयोडाईड. मिठाची बाटली मात्र वरही होती आणि खालीही. "पाय, एका फळीवरचे सारे एका भावकीतले. मीठ म्हणजे दोन घरची सोयरीक, म्हणून दोन्हीकडे," काका सांगायचे. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन तो घेतो, हे मला तिथेच कळलं. संयुजा हा शब्द वर्गात नंतर आला.

शाळा सुटल्यावर ते माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडी ठेवायचे. त्यापायी त्यांची गावाकडची संध्याकाळची एसटी कितीदा तरी चुकली. घरी काय सांगत असतील, कोण जाणे. मला कधी बोलून दाखवलं नाही.

स्पिरिटच्या दिव्यात तार धरून त्यांनी मला ज्योती दाखवल्या. सोडियमची गर्द पिवळी, कॅल्शियमची विटकरी, स्ट्रॉन्शियमची लालभडक, बेरियमची हिरवी. पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत सोडियमच्या पिवळ्या उजेडात हरवते, म्हणून ती निळ्या काचेतून बघायची. त्यांनी ती काच रुमालात गुंडाळून ठेवली होती. त्यामुळे अल्क धातू, अल्कधर्मी मृदा धातू, हॅलोजन ही नावं मला कधी पाठ करावी लागली नाहीत. राजवायूंसाठी कपाटात फळी नव्हती, तेव्हा काका वरच्या ट्यूबलाईटकडे बोट दाखवायचे. आत अरगॉन असतो. मेंडेलीव्हनं 1869 मध्ये 63 मूलद्रव्यांची सारणी मांडली, तिच्यातही या वायूंना जागा नव्हती. अरगॉन 1894 मध्ये सापडला आणि सारणीत नवा उभा स्तंभच घालावा लागला.

सगळ्यांत जास्त ऋण आहे ते खालच्या फळीचं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की क्लोराईडचा साका पांढरा बसतो, ब्रोमाईडचा फिकट पिवळसर, आयोडाईडचा पिवळा. मी विचारलं, फ्लोराईडचा कसा? काकांनी मागून एक जुनी बाटली काढली, द्रावण केलं, थेंब टाकले. परीक्षानळीतलं पाणी निवळच राहिलं. "थो याच भावकीतला हाये, पण या परीक्षेत सापडत नाही. त्याले दुसऱ्या रीतीनं पकडा लागते."

पुढे पाणी तपासणं हेच माझं काम झालं. पांढरकवड्याकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे, आणि तिथले नमुने हाताळताना मला ती निवळ नळी आठवते. फ्लोराईड पकडायला झिर्कोनियम आणि लाल रंगद्रव्याचं अभिकर्मक वापरतात. फ्लोराईड झिर्कोनियमला ओढून घेतो आणि लाली उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं गेलं तर हाडं आखडतात.

काका आता नाहीत. त्यांच्या हयातीत मी त्यांना पुरेसं काही देऊ शकले नाही, म्हणून त्यांच्या वतीनं जिल्ह्यातल्या वाचकांना सांगते. गावातल्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडली म्हणजे पाणी सगळ्या बाजूंनी तपासलं गेलं, असं समजू नका. क्लोरीन जंतू मारतो, आपल्याच कुळातल्या फ्लोराईडला हात लावत नाही. पाणी उकळूनही फ्लोराईड जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तो कमी करायला नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत आहे. पण आधी तो आहे हे कळायला हवं. आपल्या बोअरचं आणि हातपंपाचं पाणी फ्लोराईडसाठी वेगळं तपासून घ्या.