कोळ्याचें उपोषण

खारदांडा हें कोळ्यांचें गांव. परंतु आमच्या घरांतला कोळी आठ पायांचा आहे. चिली देशाची ही केसाळ, ताम्रवर्णी मादी नातवानें कांचेच्या पेटींत पाळिली आहे. आठवड्यास एक झुरळ, एवढाच तिचा आहार. गेल्या चातुर्मासांत तिनें तोही नाकारिला. दोन महिने गेले, तिसरा लागला. नातू रडकुंडीस आला. मी तर तिची आशाच सोडून बसलों.

एके सकाळीं ती उताणी दिसली. सूनबाई तिला बाहेर टाकण्यास निघाल्या, तों नातवानें हात धरिला. "आजोबा, मेलेल्या कोळ्याचे पाय आंत वळतात, हिचे पसरलेले आहेत!" खरेंच होतें तें. कोळ्याचे पाय अंगांतील रक्ताच्या दाबानें ताठ होतात. प्राण गेला कीं तो दाब ओसरतो. आम्हीं पेटींतलें झुरळ तेवढें काढिलें, कारण त्या अवस्थेंत तेंच उलट तिला कुरतडूं शकतें. सायंकाळीं जुनी कात बाजूस पडली होती. नवे सुळे टणक होईपर्यंत दहा-बारा दिवस केवळ पाणी ठेविलें. मग तिनें आपण होऊन पारणें केलें.

पोट भरलेलें व पाणी जवळ असतां हे जीव महिनोन्महिने निराहार राहतात; पोट सुकूं लागलें तरच काळजी करावी.

मुंडकोपनिषदांतील ऊर्णनाभीची उपमा मीं अनेकदां वाचिली. कोळ्याकडे पाहिलें मात्र साठी उलटल्यावर. घरांत कोणी ताटावरून उठलें कीं आग्रह करण्याची माझी संवय. आतां आधीं थांबून पाहतों.