जुन्या मैत्रीचे गीत

शाळेचा अखेरचा दिवस होता. माझ्या जिवलग मित्राशी माझा अबोला चालू होता. कारण अगदी क्षुल्लक. पण निरोपाचा एक शब्दही न बोलता मी घरी परतलो. पुढे आमची गावेही दुरावली.

काही वर्षांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन पाहण्याचा योग आला. शिक्षण पुरे झालेले छात्र संथ पावले टाकीत निघाले होते. वाद्यवृंद एक हळवी धून वाजवीत होता. ती ‘ऑल्ड लँग साइन’ या गीताची, असे शेजारच्या गृहस्थांनी सांगितले.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८८ साली हे गीत लिहून पाठविले. एका वृद्धाच्या तोंडून आपण ते ऐकले, असे तो म्हणे. याच चालीवर रवींद्रनाथ ठाकुरांनीही बंगाली गीत रचले. मूळ गीतातील दोन मित्र बालपणी डोंगरांवर हिंडले, ओढ्यात खेळले. पुढे त्यांच्यामध्ये सागर पसरले. तरी पुन्हा भेटताच एकाने हात पुढे केला. चूक कोणाची, हे कोणी विचारले नाही.

हे वाचले आणि मी त्याच रात्री मित्राला पत्र लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. आम्ही कशावरून भांडलो होतो, हे त्याला आठवतही नव्हते! आठवत होती ती आमची नदीकाठची चिंच.

ती धून आजही कानी पडली, की मला ती चिंच दिसते.