पावसाचीही अदब असते

जूनचा पहिला आठवडा सरला की लोणावळ्यातल्या आमच्या घरी फोन वाजू लागतो. पुण्याहून खालाजान, मुंब्र्याहून मामूजान, सोलापूरहून नणंदबाई. सलाम-दुआ झाली की प्रश्न एकच, "भुशी भरलं का?"

भुशी धरण भरले की पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते आणि शनिवार-रविवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्षानुवर्षे आम्हीही आमच्या मेहमानांना तिथेच घेऊन जात होतो. भिजायचे, भाजलेले कणीस खायचे, परतताना चिक्कीचे डबे घ्यायचे. आम्ही दोघेही शिक्षक. त्यामुळे हे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले, एवढी माहिती मुलांना दिली की आपले काम झाले असे वाटायचे.

मग 30 जून 2024 चा रविवार आला. लग्नानंतर पुण्याहून फिरायला आलेले एक मुस्लिम कुटुंब भुशीच्या मागच्या धबधब्यात उतरले होते. पाणी एकाएकी वाढले आणि एक स्त्री व चार मुले वाहून गेली. ती चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. आम्हाला ती पूर्ण पाहवली नाही. त्या पाण्यात आम्हीही उभे राहिलो होतो. आमच्या भाचरांचे तिथले फोटो आमच्याच मोबाइलमध्ये होते आणि "मागच्या बाजूला जा, तिथे गर्दी कमी असते," असे सांगणारेही आम्हीच होतो.

पुढच्या वर्षी 15 जूनला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हाही रविवारच होता. माणसे पाऊस पाहायला आली होती. प्रशासनाने बंधने घातली, फलक लावले, ते योग्यच झाले. पण आम्हाला वेगळीच बोच लागून राहिली. इतकी वर्षे मावळात राहून पाऊस कुठे पाहायचा हे आम्ही मेहमानांना सांगत होतो, त्याच्याशी कसे वागायचे हे कधीच सांगितले नाही. सांगणार तरी काय? आम्हालाच ते ठाऊक नव्हते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी नाणे मावळात राहते. सगळे तिला काकी म्हणतात, म्हणून आम्हीही काकीच म्हणतो. "बाई, पाऊस बघायचाय ना? मग आवणीला या," असे ती दर वर्षी म्हणायची. 2025 साली आम्ही पहिल्यांदा गेलो. 6 जुलै, रविवार. सोबत आमची दोन मुले आणि पुण्याची भाचरे. कामशेतहून आत वळलो आणि दहा मिनिटांत वाहनांचा गोंगाट मागे पडला. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरे होती आणि बायका वाकून ओळीने रोप लावत होत्या.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती, आणि मोहरमची दहावी तारीखही. काकीने आल्या आल्या साबुदाण्याची खिचडी पुढे केली. आम्ही म्हणालो, "मुलांना द्या, काकी. आज आमचाही रोजा आहे, आशूराचा."

"पाणीसुद्धा न्हाई?"

"पाणीही नाही, मगरिबपर्यंत."

"मग आज तुम्ही बांधावरच बसा," ती म्हणाली. आम्ही बसलो नाही. सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो.

भाताच्या लावणीत माणूस पुढे जात नाही, मागे मागे सरकतो. हातातल्या मुठीतून दोन-तीन काड्या घ्यायच्या, बोटांनी चिखलात खोवायच्या आणि एक पाऊल मागे यायचे. पुढे गेलो तर लावलेले रोप आपल्याच पायाखाली यायचे. भाचरांना हे फार गमतीचे वाटले. आमची कंबर मात्र अर्ध्या तासात बोलू लागली. इथे एकट्याचे काम नसते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. याला इर्जिक म्हणतात. मजुरीचा हिशेब नसतो, पाळी मात्र कुणी चुकवत नाही.

तिथेच काकीने मुलांना पाऊस शिकवला. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुढच्या पुष्याचा म्हातारा. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, काड्या-पाने वाहून येऊ लागली किंवा पाण्याचा आवाज बदलला, की तिथून लगेच बाहेर पडायचे. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगरावर पडत असतो. "पाण्याला वाट द्यावी. ते थांबत न्हाई, आपण थांबावं," ती म्हणाली. हे चार शब्द आम्ही मेहमानांना आधीच सांगायला हवे होते.

घरी परतताना मुलाने विचारले, "अम्मी, आपल्या ईदला नक्षत्र का नसते?" प्रश्न चांगला होता. आपले हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे 2014 साली जुलैच्या पावसात आलेला रमजान 2025 मध्ये मार्चच्या उन्हात आला. तेहेतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. शेतकऱ्याचे नक्षत्र मात्र सूर्यावर चालते, म्हणून मृग दर वर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतो.

मग सारा वसूल करणाऱ्या सुलतानांनी काय केले असेल? पीक हाती येण्याआधी सारा मागून कसे चालेल? चौदाव्या शतकात, हिजरी 745 म्हणजे इसवी सन 1344 च्या सुमारास, दख्खनेत एक वेगळा सन सुरू झाला, शुहूर सन. आकडा हिजरीवरून घेतला, पण नवे वर्ष सुरू झाले सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर हाच सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आम्ही वर्गात मुलांना चालू वर्ष तसे लिहायला लावले. इसवी सनातून 599 वजा केले की 2025 च्या मृगाला 1426 येते, म्हणजे सीत अशरीन अर्बा मया अलफ. उर्दूच्या तासाला कंटाळणारी मुलेही फळ्यापाशी आली.

काकी ज्याला खरीप म्हणते तो शब्द अरबी, रब्बी अरबी, हंगाम फारसी. मोसमही अरबी, आणि मान्सून त्याचेच फिरून आलेले रूप. या मातीच्या ऋतूंत आपले पूर्वज पाहुणे नव्हते. त्यांनी आपला सनसुद्धा पावसाशी जुळवून घेतला होता.

जपानच्या क्योतो या जुन्या राजधानीविषयी वाचनात आले. तिथे पावसाळा संपत आला की जुलैत गिओनचा उत्सव होतो. रोगराई टळावी म्हणून 869 साली त्याची सुरुवात झाली असे सांगतात. त्याच गिओनमध्ये फोटोसाठी धावणाऱ्या पर्यटकांचा इतका जाच झाला, की 2024 साली काही खासगी गल्ल्या त्यांना बंद कराव्या लागल्या. ज्या शहराला ऋतूचा एवढा आदर, त्यालाही पाहुण्यांना अदब शिकवावी लागली. फलक भुशीवरही आहेत. पण अदब फलकाने येत नाही, ती घरातून येते. आपण मुलांना दस्तरख्वानाची अदब शिकवतो, मशिदीची शिकवतो. ओढ्याचीही शिकवायला हवी.

त्या संध्याकाळी काकीने निघताना आमच्या हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवली होती. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातले, 1987 सालचे, आंबेमोहोराच्या वंशातले. आम्ही इफ्तारला खजूर घेतला आणि त्याच तांदळाचा भात लावला. शिजताना घरभर वास सुटला. भाचरे त्याच्या वासाने आधीच ताटे घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी बारशीला काकीच्या घरीही तोच भात शिजला असेल. उपास वेगवेगळे होते, खाचर एकच होते.

यंदाही फोन येतील, "भुशी भरलं का?" म्हणून. उत्तर आमच्याकडे तयार आहे. या, जरूर या. पण चपला काढायची तयारी ठेवा. आधी काकीच्या बांधावर जाऊ, अर्धा तास मागे मागे सरकू. पाऊस मग लांबूनच पाहू.