संहिता आणि तिची प्रत

जात्यावरच्या ओव्यांचा एक छोटा संग्रह आमच्या मराठी विभागातील विद्यार्थी गेली काही वर्षे सिद्ध करीत आहेत. संग्रहाच्या संकेतस्थळावर 'पीडीएफ' हे बटण दाबले, की छापण्याजोगी प्रत हाती येते. त्या क्षणभरात काय घडते, हे साहित्याच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते; कारण त्यात आपल्याच पाठचिकित्सेचा प्रश्न दडला आहे.

सर्व्हर प्रथम डेटाबेसमधील नोंदी गोळा करून आपल्या स्मृतीत एक एक्सएमएल संहिता रचतो. १९९८ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक अंशाला तो काय आहे हे सांगणारे नाव देता येते: ही ओवी, ही गाणारी, हे गाव, हा पाठभेद. अक्षर ठळक की बारीक, याचा आमच्या संहितेत उल्लेखही नाही. मग एक्सएसएलटीचे नियम तिचे पानाच्या भाषेत रूपांतर करतात. समास, टंक, ओळींतील अंतर ठरते. त्यातून 'अपाची एफओपी' ही प्रणाली पीडीएफ घडवते आणि ती थेट वाचकाकडे रवाना होते. मधली संहिता डिस्कवर उतरतच नाही; काम संपताच ती स्मृतीतून नाहीशी होते.

देवनागरीची कसोटी येथेच लागते. 'किती' लिहिताना संगणक आधी 'क' साठवतो, मग ऱ्हस्व वेलांटी; डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. ही जुळणी एफओपीला २०१२ सालच्या १.१ या आवृत्तीपासून साधू लागली. तरीही पीडीएफ मुख्यतः अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा नोंदवते. म्हणून पानावर निर्दोष दिसणारी ओवी तेथून उचलून दुसरीकडे नेली, की पुष्कळदा तिच्या वेलांट्या विस्कटतात. पाठभेद तर बारीक टंकातली एक ओळ होऊन उरतो.

हा संग्रह जतनासाठी स्वीकारणाऱ्या संस्थेने आमच्याकडे केवळ पीडीएफ मागितली आहे. आम्ही एक्सएमएलही सोबत देणार आहोत, आणि ती घ्यावी असा आग्रह धरणार आहोत. ओव्या सांगणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येणार नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती हाती आलेले पाठ पारखून. उद्याच्या संशोधकालाही तसे पारखता यावे, तर कोणता पाठ कोणत्या गावचा आणि कोणाच्या तोंडचा, हे त्याला निश्चित कळले पाहिजे. देखण्या पानाने ते भागत नाही.